किशोरवयीन रक्तदाब : नोंद आपल्याच फायलीत असते

मे महिना लागला की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात तापाचे रुग्ण कमी होतात आणि फॉर्म वाढतात. कुणाला पोहण्याच्या वर्गाला जायचे असते, कुणाला हिमालयातील पदभ्रमण शिबिराला. फॉर्मच्या तळाशी 'सदर विद्यार्थी शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे' असा मजकूर छापलेला असतो आणि त्याखाली आमची सही व शिक्का हवा असतो. २०१८ च्या मे महिन्यात असाच एक फॉर्म घेऊन अनिकेत (नाव बदलले आहे) आईसोबत माझ्याकडे आला. वय साडेपंधरा, दहावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली. जन्मानंतरच्या तिसऱ्या दिवसापासून माझ्याकडे येणारा हा मुलगा. "मॅडम, फक्त सही हवी आहे. बाकी अगदी ठणठणीत आहे," आई म्हणाली.

फॉर्मवर उंची, वजन, दृष्टी असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता रक्तदाबाचा. त्या दुपारी बाहेर कुणी ताटकळत नव्हते, म्हणून मी कफ हातात घेतला. बाहेर गर्दी असती तर मी काय केले असते, हा प्रश्न नंतर मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. 'सामान्य' हा शब्द लिहायला दोन सेकंद लागतात. आणि न मोजता तो लिहिण्याचा मोह झालेली मी काही एकटीच डॉक्टर नसेन.

पहिला आकडा आला १६२/१००. माझा विश्वास बसला नाही. मग लक्षात आले की माझ्याजवळचा कफ लहान मुलांचा होता आणि अनिकेतचा दंड कधीच मोठ्या माणसाचा झाला होता. अपुऱ्या कफाने दाब खोटाच जास्त दिसतो. खालच्या मजल्यावरच्या फिजिशियन मित्राकडून मोठा कफ मागवला, मुलाला पाच मिनिटे शांत बसवले आणि पुन्हा मोजला. १४८/९४. आणखी दोनदा मोजून सरासरी काढली तरी १४६ च्या खाली उतरेना. सहीसाठी पुढे केलेला फॉर्म मी तसाच परत दिला. आईच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा आश्चर्य अधिक होते. "पण मॅडम, बीपी तर ह्याच्या बाबांना आहे. ह्याला कसं असेल?"

आठवड्याने पुन्हा मोजला, त्यानंतर आणखी एकदा मोजला. चोवीस तास दंडावर यंत्र बांधून घेतलेल्या नोंदींतही, अगदी झोपेतसुद्धा, दाब चढाच होता. इकोकार्डिओग्राममध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली दिसली. भिंत चार-आठ दिवसांत जाड होत नाही. म्हणजे हे बरेच दिवस, कदाचित काही वर्षे चालू होते आणि त्या काळात तो सर्दी, लस, कान दुखणे अशा निमित्तांनी कितीतरी वेळा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेला होता.

मी आईला जुन्या सगळ्या फायली आणायला सांगितल्या. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या त्या फायली मी रात्री घरी नेऊन वाचल्या. सगळी अक्षरे माझीच. जन्मवजन १.९ किलो. गरोदरपणात आईचा रक्तदाब वाढल्यामुळे प्रसूती छत्तिसाव्या आठवड्यातच करावी लागली होती. वडिलांना अडतिसाव्या वर्षी उच्च रक्तदाबाचे निदान झालेले, आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. पाचव्या ते आठव्या वर्षांत वजनाची रेषा वाढीच्या तक्त्यावर दोन पायऱ्या वर चढलेली, आणि तिच्याशेजारी माझाच शेरा : 'उत्तम वाढ'. दहाव्या वर्षी 'रात्री घोरतो' अशी आईची तक्रार. पंधरा वर्षांच्या नोंदींत लसी आहेत, दात कधी आले ते आहे, जंताचे औषध कधी दिले तेही आहे. रक्तदाबाची नोंद एकही नाही.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. किशोरवयात रक्तदाब कोणाचा वाढेल याचा अंदाज बहुतेक वेळा आपल्या हातातील कागदांवरून आणि घरातील माहितीवरून करता येतो. जन्माची नोंद प्रसूतितज्ज्ञाकडे, वडिलांची गोळी फिजिशियनकडे, वजनाचा तक्ता आमच्याकडे आणि घोरणे आईच्या कानात. ह्या चार गोष्टी कोणी एकत्र वाचत नाही.

जन्माची चिठ्ठी

जन्मवजनाचा आणि पन्नाशीतल्या हृदयविकाराचा संबंध असेल, हे माझ्या विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर हसू आले असते. तो संबंध इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी दाखवला. हार्टफर्डशर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बालकांची जन्मवजने आणि वर्षपूर्तीची वजने वह्यांत टिपून ठेवली होती. बार्कर यांच्या गटाने त्या वह्यांचा आधार घेऊन मोठेपणी हृदयविकाराने कोण दगावले याचा शोध घेतला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ज्यांचे वजन जन्मतः आणि पहिल्या वर्षी कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू पावण्याचे प्रमाण अधिक होते. गर्भाशयात उपासमार झालेल्या बाळाची मूत्रपिंडे कमी गाळण्या घेऊन जन्माला येतात. पुढे शरीर वाढते, पण गाळण्या वाढत नाहीत. हे त्यामागचे एक मान्यता पावलेले कारण.

आपल्याला अधिक जवळचे काम पुण्याचे आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची आठव्या वर्षी तपासणी करून डॉ. आशिष बावडेकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, जन्मतः लहान असलेली आणि आठव्या वर्षी मोठी झालेली मुले सर्वांत अधिक जोखमीची असतात. अनिकेतची फाइल त्या रात्री वाचताना मला हा निबंध आठवला. वाचलेला होता, परिसंवादात त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या. फक्त माझ्या टेबलावरच्या मुलाशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

आपल्याकडे बाळ लहान जन्मले की घरातील सगळ्यांना एकच ध्यास लागतो : भरून काढायचे. तूप, साखर, खीर, आणि पाचव्या वर्षी गाल वर आले की आजी दृष्ट काढते. आम्ही डॉक्टरही त्या आनंदात सामील होतो. पहिल्या दोन वर्षांत बाळाने आपली पिछाडी भरून काढणे योग्यच आहे आणि मेंदूच्या वाढीसाठी आवश्यकही. परंतु त्यानंतर उंची जागच्या जागी राहून वजनाची रेषा वर जाऊ लागली की ते बाळसे राहत नाही. मी आता 'उत्तम वाढ' असा शेरा उंचीची रेषा पाहिल्याखेरीज लिहीत नाही.

आईच्या गरोदरपणातील रक्तदाबही असाच दुर्लक्षिला जातो. प्रसूती सुखरूप झाली की ते प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. पण प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या मातांच्या मुलांचा वरचा दाब पुढे सरासरी दोन-अडीच मिलिमीटरने जास्त आढळतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. एका मुलाच्या बाबतीत दोन-अडीच मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. पण त्यावर वडिलांचा वारसा, वजन आणि मीठ चढत गेले की बेरीज मोठी होते. आमच्या प्रसूतितज्ज्ञ भगिनींना माझी विनंती आहे की बाळाच्या कागदावर हा उल्लेख ठळक करावा. आम्ही तो वाचू, असे वचन या लेखाद्वारे जाहीरपणे देते.

दोरा आणि मान

सडपातळ दिसणारे मूल सुरक्षित असते हा समज आपल्या लोकांच्या बाबतीत फसवा आहे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, दोघेही दिसायला बारीक. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हाडापेराने लहान आणि पोटात चरबी साठवणारा, असा आपला देह आहे. म्हणूनच भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या तक्त्यांत जास्त वजनाची रेषा प्रौढांच्या २३ शी आणि स्थूलतेची रेषा २७ शी जुळवली आहे. पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० शी नव्हे. इतर शाखांतील मित्र मुलांना अजूनही २५ चा निकष लावताना दिसतात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

तक्ता हाताशी नसेल तर दोरा पुरतो. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्यावा, तो दुमडून अर्धा करावा आणि कमरेभोवती गुंडाळावा. टोके एकमेकांना भेटली नाहीत तर पोट जास्त आहे. अनिकेतची उंची १६८ सेंटिमीटर आणि कंबर ९०. अर्ध्या उंचीपेक्षा सहा सेंटिमीटर जास्त. हा प्रयोग मी पालकांसमोर करते आणि बहुधा मुलापाठोपाठ वडील तो दोरा स्वतःच्या कमरेला लावून पाहतात. पुढचे बोलणे मग सोपे जाते.

मानेच्या मागची त्वचा पाहणे तितकेच सोपे आहे. तेथे काळसर, मखमली पट्टा असेल तर तो मळ नव्हे. शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची ती खूण आहे. आया तो डाळीच्या पिठाने आणि लिंबाने घासून घासून थकतात, मुलीला ओरडतात, त्वचारोगतज्ज्ञाकडे मलम मागतात. अशा प्रत्येक मुलाचा रक्तदाब मोजलाच पाहिजे.

फायलीतून आणखी काही गोष्टी शोधाव्यात. मुदतपूर्व जन्म आणि अतिदक्षता विभागातील मुक्काम, लघवीतील वारंवार जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा पूर्वीचा आजार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, चोंदलेल्या नाकासाठी महिनोन्‌महिने चाललेले थेंब, जिममध्ये कोणीतरी हातात ठेवलेल्या पावडरी आणि इंजेक्शने. आणि चघळलेले ज्येष्ठमध! गाण्याच्या क्लासला जाणारी मुले ते सुपारीसारखे तोंडात ठेवतात. थोडेसे घेतले तर बिघडत नाही, पण रोज भरपूर घेतल्यास त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते.

मोजायचा कसा

रक्तदाबमापकाचा मूळ आराखडा १८९६ मध्ये इटलीच्या शिपिओने रिवा-रोच्ची यांनी मांडला आणि १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत दिली. रिवा-रोच्ची यांनी पुढे पाविया विद्यापीठात बालरोगशास्त्र शिकवले, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. त्यांच्या यंत्राने मोठ्यांच्या दवाखान्यात मानाचे स्थान मिळवले आणि आमच्या शाखेत मात्र ते कपाटात राहिले.

नेमका कफ ही पहिली अट. खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजावा. कफामधील फुग्याची रुंदी त्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. म्हणजे बालरोगतज्ज्ञाकडे तीन-चार आकारांचे कफ हवेत, त्यांत प्रौढांचा आणि मोठ्या प्रौढांचाही. या सर्वांची किंमत मिळून एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी भरते. मूल तीन ते पाच मिनिटे शांत बसलेले, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. हात उजवाच घ्यावा, कारण महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर डाव्या हातातील आकडा खोटाच कमी येऊ शकतो. स्वयंचलित यंत्राने जास्त आला तर स्टेथोस्कोपने खात्री करावी. पहिला आकडा जास्त आल्यास त्याच भेटीत आणखी दोन घेऊन त्यांची सरासरी धरावी.

महाधमनीचा उल्लेख आला म्हणून सांगते. खेळताना पाय दुखतात म्हणून एक किरकोळ अंगाचा मुलगा माझ्याकडे येत असे आणि मी त्याला कॅल्शियम देत असे. जांघेतील नाडी पाहण्याची बुद्धी मला तिसऱ्या भेटीत झाली. ती लागत नव्हती. उजव्या हातात दाब जास्त, पायात कमी. महाधमनी अरुंद असलेल्या त्या मुलावर पुढे उपचार झाले आणि तो बरा आहे. रक्तदाब वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या जांघेतील नाडी बोटाने तपासावी. याला पैसा लागत नाही आणि मिनिटही लागत नाही.

आता आकडे. २००४ च्या अमेरिकन अहवालातील कोष्टकांत वय, लिंग, उंची सगळे जुळवून शेकडेवारी पाहावी लागे आणि गर्दीच्या दवाखान्यात ती कोणी पाहत नसे. २०१७ च्या अमेरिकन बालरोग अकादमीच्या मार्गदर्शिकेने हे पुष्कळ सोपे केले. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी १२०/८० च्या खाली सामान्य. वरचा दाब १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या खाली असेल तर वाढता. १३०/८० पासून पहिली पायरी. १४०/९० पासून दुसरी. युरोपीय संघटनेची २०१६ ची भूमिका थोडी निराळी आहे. ते सोळाव्या वर्षापासून प्रौढांचा १४०/९० हा निकष लावतात. तेराच्या आतील मुलांना अजूनही कोष्टक लागते, परंतु चाळणीसाठी एकेक आकडा पाठ ठेवता येतो. दहा वर्षांच्या मुलाचा १०८/७२ आणि मुलीचा १०९/७२, बारा वर्षांच्या मुलाचा ११३/७५ आणि मुलीचा ११४/७५ वा त्याहून अधिक आला तर कोष्टक उघडावे. मोठ्यांचे १२०/८० डोक्यात ठेवून दहा वर्षांच्या मुलाचा ११८ 'छान आहे' म्हणणारे आपल्यात अनेक आहेत. तो छान नाही.

एका भेटीतील आकड्यावरून निदान मात्र करू नये. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात आम्ही एकदा मोठ्यांच्या तपासणीबरोबर मुलांचाही रक्तदाब मोजला. मांडवात ढोल चालू, रांगेत मित्रांची चेष्टा, पोटात मोदक. अनेकांचा दाब जास्त भरला आणि पालक धास्तावले. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात शांतपणे मोजल्यावर बहुतेकांचा खाली उतरला. तेव्हापासून मी मांडवात रक्तदाब मोजत नाही. तेथे फक्त एक कागद भरून घेते : जन्मवजन, गरोदरपणातील रक्तदाब, आईवडील व आजी-आजोबांचे आजार, घोरणे. ज्यांच्या कागदावर खुणा जास्त, त्यांना दवाखान्यात बोलावते.

यावर कोणी म्हणेल, की अमेरिकेच्याच प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२० मध्ये, लक्षणे नसलेल्या सरसकट सर्व मुलांची रक्तदाब-तपासणी लाभदायक ठरते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निर्वाळा दिला आहे. ते खरे आहे आणि मी त्याचा आदर करते. पुरावा नसणे म्हणजे लाभ नसणे नव्हे, हे तर आहेच. पण त्यांच्या शंकेतून मी एवढा बोध घेतला की शाळेत रांग लावून एकदा मोजण्यात अर्थ थोडा. जोखमीचे मूल हुडकून पुन्हा पुन्हा मोजण्यात अर्थ जास्त. जगभरातील अभ्यासांचे २०१९ मधील एकत्रित विश्लेषण बालक व किशोरांतील उच्च रक्तदाबाचे प्रमाण सुमारे ४ टक्के सांगते. पंचवीस मुलांच्या वर्गात एखादा. तो कोणता, हे हुडकायला फाइल उपयोगी पडते.

इंदूरची न्याहारी

आपण माळव्यात राहतो आणि येथील खाण्यावर कोणी टीका केलेली आपल्याला खपत नाही. मलाही खपत नाही. परंतु पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन, संध्याकाळी कचोरी, रात्री वरण-भातावर पुन्हा शेव, असा दिवस मोजून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट एक चमचा. मुलांना त्याहून कमी. मी घराघरांत शेवेचा डबा बंद करायला सांगत नाही. कोणी ऐकणार नाही. डबा जेवणाच्या टेबलावरून उचलून फडताळात ठेवा, एवढेच सांगते. अनिकेतच्या घरी एका महिन्यात दोन किलो शेव लागत असे. डबा हलवल्यावर ती एक किलोवर आली, असा हिशेब त्याच्या आजीनेच मला दिला.

दुसरी गोष्ट झोपेची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. भंवरकुआँच्या शिकवणी वर्गांतून रात्री परतणारी, जेवून बारा-एकपर्यंत मोबाइल पाहणारी आणि सकाळी सहाच्या बॅचला पळणारी मुले पाच-साडेपाच तास झोपतात. मैदान तर दहावीतच सुटते. याचे बिल पालक 'अभ्यासाचा ताण' या एका नावावर फाडतात. अनिकेतच्या वडिलांनीही प्रथम तेच म्हटले होते : "परीक्षेचं टेन्शन असेल, मॅडम. निकाल लागला की उतरेल." निकाल लागला, चांगला लागला, दाब उतरला नाही.

उपचारांविषयी थोडक्यात. पहिल्या पायरीवरील मुलाला लक्षणे, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयावर परिणाम नसेल तर सहा महिने आहार, व्यायाम आणि झोप यांवर भर देऊन पाहता येते. आठवड्यातून तीन ते पाच दिवस निदान अर्धा ते एक तास घाम निघेल असा खेळ. दुसरी पायरी असेल किंवा हृदयाची भिंत जाड झाली असेल तर औषधही लागते आणि ते देण्यास कचरू नये. वय सहापेक्षा जास्त, वजन जास्त, घरात रक्तदाब आणि तपासणीत दुसरे काही वावगे नाही, अशा मुलाच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा लावण्याची गरज नसते. लघवी, क्रिएटिनीन, क्षार, चरबी, साखर एवढ्याने बहुधा भागते. लहान वय, सडपातळ बांधा आणि खूप चढलेला दाब असेल तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

सर्वांत अवघड भाग कागदावरचा नसतो. चौदा वर्षांच्या एका मुलीचा रक्तदाब तीन भेटींत वाढलेला आला तेव्हा तिची आजी दार लोटून घेऊन मला म्हणाली, "फाइलवर लिहू नका हो, मॅडम. उद्या स्थळं बघायची वेळ येईल." मी लिहिले. ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आले नाही. ती मुलगी कुठे उपचार घेते, घेते की नाही, मला ठाऊक नाही. आपल्या समाजात 'आमच्या घरी बीपी सगळ्यांनाच' असे पन्नाशीचा माणूस हसत हसत सांगतो. तेच वाक्य मुलीच्या बाबतीत कुजबुजावे लागते. त्या दिवशी मी आजींना बसवून आणखी अर्धा तास बोलले असते तर बरे झाले असते, असे वाटते. बाहेर गर्दी होती.

अनिकेत त्या वर्षी शिबिराला गेला नाही आणि त्याने माझ्यावर दोन महिने राग धरला. एक गोळी, रोजची सायकल, फडताळातला डबा. वर्षभरात कंबर पाच सेंटिमीटरने उतरली, दाब १३० च्या खाली आला आणि पुढच्या इकोमध्ये भिंतीची जाडीही कमी झालेली होती. आता तो नोकरीनिमित्त पुण्याला असतो. वडिलांनीही मुलाच्या धाकाने स्वतःची गोळी नियमित सुरू केली आहे.

त्याची बहीण तेव्हा सात वर्षांची होती. जन्मवजन २.१ किलो, आईचा रक्तदाब त्याही वेळी वाढलेला. २०१८ पासून तिच्या फायलीत दर वाढदिवसाच्या महिन्यात एक नोंद आहे, योग्य कफाने, उजव्या हाताची. ती आता पंधराव्या वर्षात आहे. दोरा तिच्या कमरेभोवती अजून पुरतो. मागच्या दोन वर्षांच्या नोंदी ११०/७० आणि ११४/७२ अशा आहेत, यंदाची ११८/७४. तिला मी वर्षाने न बोलावता तीन महिन्यांनी बोलावले आहे.